महिनाभर कपाटात

तीर्थरूप सासूबाईंना,

जावयाचा वाकून नमस्कार. (वाकूनच, कारण महिनाभर कपाटात बसल्यामुळे पाठ अजून पुरती सरळ झालेली नाही. त्याबद्दल पुढे लिहितोच.)

तुमचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो का? डोळ्यांत थेंब घालायला विसरत नसाल अशी आशा आहे. सकाळचं फिरणं चालू असेलच. इकडे मी ठीक आहे. ‘ठीक’ हा शब्द विचार करून लिहिला आहे. ‘मजेत’ लिहावं तर तुम्हाला राग येईल, आणि ‘हालात’ लिहावं तर तुमच्या लेकीला आनंद होईल. हे पत्र केवळ तुमची खुशाली विचारण्यासाठी आहे, त्यामागे माझा कसलाही हेतू नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फोनच का नाही केला असं तुम्ही विचाराल. त्याचं असं आहे की मला फोनवर आणि माइकवर दुसऱ्याचं लिहिलेलंच नीट बोलता येतं. स्वतःचं काही सांगायचं म्हटलं की पहिल्या वाक्यातच ततपप होतं, हे तुम्ही आमच्या लग्नाच्या बोलणीत पाहिलंच आहे.

तुमची लेक आणि नात सध्या तुमच्याकडे आहेत, तेव्हा हिने आपली बाजू सांगितली असणारच. हिची बाजू नेहमीच उत्तम मांडलेली असते. मी ऐकून घेतो तेव्हा मलासुद्धा पटते. पण दुसरी बाजूही असते, आणि ती मांडायला या घरात सध्या माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून हा लांबलचक कागद.

तुम्हाला ठाऊकच आहे की मी बसस्थानकावर घोषणा करायचो. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो आणि प्रवाशांनी एकदाही लक्ष दिलं नाही. मग स्थानकाने यंत्र बसवलं. त्यातली बाई न खोकता, न थकता, चुकीचा फलाट इतक्या गोड आवाजात सांगते की गाडी चुकली तरी लोक तक्रार करत नाहीत. मी घरी बसलो. बसून बसून कंटाळलो होतो तेवढ्यात पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका कंपनीने मला बोलावलं. ज्यांना पुस्तकं वाचायला वेळ नसतो, पण ती वाचली आहेत हे चारचौघांत सांगायला भरपूर वेळ असतो, अशा मंडळींसाठी ही कंपनी काम करते. (धंदा जोरात आहे.) तिथल्या मॅडमनी माझा आवाज ऐकला आणि म्हणाल्या, “तुमच्या आवाजात विश्वास आहे. गाडी येणार नाही हे माहीत असूनही माणूस थांबून राहील.” मी ही स्तुतीच समजलो आणि एका महिन्यासाठी मोठ्यांच्या आणि मुलांच्या पुस्तकांचा एक मोठा ढीग उचलून घरी आणला.

घरी, कारण कंपनीला स्टुडिओ नाही. मॅडम म्हणाल्या की आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात बसून वाचा, सगळे मोठे वाचक तसंच करतात. आमच्या घरात माणूस मावेल असं कपाट एकच, आणि ते हिचं. त्यातला खालचा कप्पा मी काढला, टांगलेले कपडे दोन्ही बाजूंना सारले, तळाशी रजई घातली, एक बुटकं स्टूल ठेवलं आणि टॉर्च हँगरला बांधला. कप्प्यातले कपडे मी अतिशय व्यवस्थित घडी घालून जेवणाच्या टेबलावर ठेवले होते. त्यामुळे आम्ही जेवायला जमिनीवर बसू लागलो, पण जमिनीवर बसणं पाठीला चांगलं असं ढिगातल्याच एका आरोग्याच्या पुस्तकात लिहिलेलं होतं.

मग नियम आले. नियम मी केले असं ही म्हणते, पण ते माइकने केले. माइक इतका तिखट कानाचा की शेजारच्या खोलीतल्या पाकिटातून बिस्किट काढलं तरी त्याला कळतं. म्हणून पंखा बंद, कुकर बंद, नळ बारीक. गाजर चिरायचं नाही, केळं चालेल. बेल काढून ठेवली. शिंक आली तर गॅलरीत जाऊन द्यायची. तुमची नात, म्हणजे आमची ठमी, पहिले काही दिवस खुशीत होती, कारण तिला शाळेतलं काही विचारलं की ती ओठांवर बोट ठेवून दाखवायची. मी तिचं शिस्तीबद्दल कौतुकही केलं. पुढे शाळेतून चिठ्ठी आली की मुलगी वर्गातही खुणांनीच बोलते, घरी सगळं ठीक आहे ना?

आता पुस्तकांविषयी. पहिलं होतं यशस्वी कसं व्हावं याचं. लिहिणारे गृहस्थ पहाटे उठतात, गार पाण्याने अंघोळ करतात आणि मग दिवसभर इतरांना तसं करायला सांगतात. या पुस्तकात माझ्याकडून एक गफलत झाली. चौथं प्रकरण मी पाचवं म्हणून पुन्हा एकदा वाचलं. लक्षात आल्यावर घाबरून मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या की खुद्द लेखकांनी सगळं ऐकून पसंत केलंय, आणि पाचव्या प्रकरणातला विचार चौथ्यापेक्षा अधिक खोल उतरल्याबद्दल माझं अभिनंदन केलंय.

मग एक कवितासंग्रह आला, अगदी पातळ. एका पानावर चार ओळी आणि बाकी पांढरा कागद. मला वाटलं दुपारपर्यंत संपेल. पण कवीची अट अशी होती की पांढरा भागही वाचायचा, म्हणजे तेवढा वेळ गप्प बसायचं, आणि तेही अर्थपूर्ण गप्प बसायचं. मी एकदा नुसताच गप्प बसलो तर तो भाग परत आला. सासूबाई, मी आयुष्यात पुष्कळ वेळा गप्प बसलो आहे, पण त्यात अर्थ नाही म्हणून कुणी परत पाठवलं नव्हतं.

मुलांची पुस्तकं सोपी असतील असा माझा समज होता. अस्वलाच्या पिल्लाचं एक पुस्तक घ्या. पिल्लू मधाच्या पोळ्यापाशी जातं. पुढच्या पानावर मजकूर एवढाच: ‘आणि मग काय झालं? बघा!’ खाली मोठं चित्र. आता कानाने कसं बघणार? मी मॅडमना विचारलं, चित्रात काय आहे ते सांगू का? त्या म्हणाल्या, लेखिकेचा एकही शब्द वाढवायचा नाही. तेव्हा मी ‘बघा!’ असं म्हणून थांबलो. आता कित्येक घरांत मुलं ‘बघा!’ ऐकून मोबाइल उलटा करून बघतात असं ऐकतो. डायनोसॉरच्या पुस्तकात तर प्रत्येक प्राण्याचं नाव माझ्या जबड्याएवढं होतं. मी ती नावं रेटून म्हणत होतो आणि कपाटाबाहेरून ठमी दर वेळी दारावर टकटक करत होती, म्हणजे चुकलं. (नियमाप्रमाणे ती बोलत नव्हती, हे मान्य करावं लागेल.) शेवटी तिने दाराच्या फटीतून कागद सरकवला. ‘बाबा तो शाकाहारी आहे, त्याला एवढं ओरडायला लावू नका.’

इथवर सगळं सुरळीत होतं. घोटाळा झाला तो खुनाच्या कादंबरीने. आमच्या खालच्या मजल्यावर निवृत्त फौजदारकाका राहतात, ते तुम्हाला आठवत असतील, ज्यांनी तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा तुमच्याच सामानाची चौकशी केली होती. आमचं कपाट त्यांच्या बाथरूमच्या बरोबर वर येतं, आणि पाइपाच्या कडेने आवाज थेट खाली उतरतो. काका अंघोळीला बसले असताना त्यांनी वरून ऐकलं, ‘ती आता कधीच बोलणार नाही. तिला गालिच्यात गुंडाळ.’ तसे ते ओल्या अंगाने, टॉवेल आणि जुनी शिट्टी एवढ्यावर वर आले. योगायोग असा की सुट्टी असल्यामुळे ही घरीच होती, आणि सतरंजी झटकायला गुंडाळून गॅलरीत निघाली होती. बेल नव्हतीच, म्हणून काकांनी दार ठोठावलं. हिने दार उघडलं. काकांनी विचारलं, “ती दुसरी बाई कुठे आहे?” हिने नियमाप्रमाणे ओठांवर बोट ठेवलं. काकांनी सतरंजी उलगडायला लावली. आत ठमीची एक चप्पल निघाली. पुढचा तासभर मला कपाटातून बाहेर येऊन, पुस्तक दाखवून, त्यातलं पान वाचून दाखवून निर्दोषत्व सिद्ध करावं लागलं. पान वाचून झाल्यावर काका टॉवेलवरच सोफ्यावर बसले आणि म्हणाले, “पुढचं वाच.” तेव्हापासून ते रोज अंघोळीला फार वेळ लावतात.

याचा परिणाम पुढच्याच आठवड्यात भोगला. ही सकाळी हॉस्पिटलात, नोंदणीच्या खिडकीवर, कामाला निघाली आणि जाताजाता सवयीने कपाटाची कडी बाहेरून लावून गेली. सवयीने, असं मी समजतो. ठमी शाळेत. मी आत, यशस्वी गृहस्थांच्या दुसऱ्या भागातलं ‘तुमचं दार तुम्हीच उघडू शकता’ हे प्रकरण वाचत होतो. प्रकरण संपल्यावर मी दार ढकललं. प्रकरणात सांगितलेले सगळे उपाय करून पाहिले. आधी मनात उघड्या दाराचं चित्र आणलं, मग दाराला धन्यवाद दिले. मग खांदा लावला. शेवटी लाज सोडून ओरडलो, “वाचवा! मी आत अडकलोय! दार उघडा!” खालून पाण्याचा आवाज थांबला आणि फौजदारकाकांचा खणखणीत आवाज आला, “वा! आज खरा जीव ओतलास!” मी म्हटलं, “काका, खरंच अडकलोय!” ते म्हणाले, “हे वाक्य जरा कमी कर, बाकी छान.” ठमी शाळेतून आली तेव्हा मी आरोग्याच्या पुस्तकात सांगितल्याप्रमाणे पोटाने श्वास घेत पडलो होतो.

या प्रसंगानंतर समजूतदार माणसाने काम सोडलं असतं असं तुम्हाला वाटेल. हिलाही तसंच वाटलं होतं. पण ढिगात शेवटची एक जाडजूड कादंबरी उरली होती, आणि ती म्हणजे मानाचं काम असं मॅडम म्हणाल्या होत्या. फार नावाजलेले लेखक. उशी म्हणून वापरता येईल एवढं पुस्तक. त्यातला नायक पानंच्या पानं बोलतो आणि नायिका खिडकीत उभी राहून उसासे टाकते. मी मोजून थकलो, पण अर्ध्या पुस्तकापर्यंत तिने खिडकी आणि उसासा यांपलीकडे काही केलं नव्हतं. तिचे उसासे काढून काढून मला चक्कर यायला लागली होती.

त्या संध्याकाळी मी नायकाच्या भाषणाच्या अगदी टोकाला होतो. कपाटाचं दार उघडलं. ही उभी होती, कामावरून आलेली, खांद्याला पर्स तशीच. ती काही बोलू लागली. आता पानाच्या मध्यावर नजर हलली तर सगळं पहिल्यापासून वाचावं लागतं, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. मी पानावरून डोळे न काढता एक बोट वर केलं. ती बोलतच होती. शब्द कानावर पडत होते, पण आत शिरत नव्हते. मला वाटलं कुकरचा विषय असेल. मी म्हणालो, “श्श.” मग ती थांबेपर्यंत थांबलो आणि पुढचं वाक्य घेतलं. प्रकरण संपवून बाहेर आलो तेव्हा जेवणाच्या टेबलावरचे हिचे कपडे नव्हते, ठमीचं दप्तर नव्हतं, आणि खुर्चीवर बेल ठेवलेली होती. पुढचं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण त्या दोघी तुमच्याच दारात उतरल्या.

मी रागावलो होतो हे लपवत नाही. घर शांत झालं, तर आता काम झरझर होईल असं म्हणून मी पुन्हा कपाटात शिरलो. शिंकणारं कुणी नाही, टकटक करणारं कुणी नाही. उरलेली कादंबरी वाचून पाठवली. मॅडमचा फोन आला, “आवाज एकदम स्वच्छ आहे हो, पण मेल्यासारखा वाटतोय. बरं आहे ना सगळं?” मी म्हटलं सगळं ठीक आहे. त्या रात्री मुद्दाम गाजर चिरलं. मजा आली नाही.

आणि मग मूळ गोष्ट उघडकीला आली. त्या संध्याकाळचा भाग दुरुस्त करायचा होता हे मी गडबडीत विसरलो होतो. कंपनीत एक तपासनीस आहे, पण तो सगळी पुस्तकं दुप्पट वेगाने ऐकतो, आणि त्या वेगात सगळ्याच बायका रागावल्यासारख्या वाटतात म्हणे. त्यामुळे नायकाच्या भाषणात मध्येच तुमची लेक बोलते, तो भाग जसाच्या तसा श्रोत्यांच्या कानांत गेला. सासूबाई, लोकांनी डोक्यावर घेतलं! कुणी लिहिलं की ही नायिका शेवटी बोलली एकदाची. कुणी लिहिलं की अख्ख्या कादंबरीत हाच एक जिवंत परिच्छेद आहे. एका बाईंनी लिहिलं की तो ‘श्श’ म्हणणारा माणूस पुढे मरतो का, तेवढं कृपया सांगा. लेखकमहाशयांनी तर मुलाखतीत सांगून टाकलं की तो परिच्छेद त्यांच्या लेखणीतून आपसूक उतरला, लिहिताना त्यांचे हात थरथरत होते.

तेव्हा मी कान देऊन तो भाग ऐकला. पहिल्यांदाच. आधी ती म्हणते की महिनाभर स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी चवड्यांवर चालतेय. मग म्हणते, “तीन दिवस झाले, एक गोष्ट सांगायचीय. मला खिडकीवरून आत घेतलंय. अख्ख्या नोंदणी विभागाची प्रमुख केलंय मला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला घरी येऊन कुणालातरी मोठ्याने सांगायचं होतं. पण इथे मोठ्याने बोलायची बंदी आहे, म्हणून मी ते आत्तापर्यंत फक्त टेबलावरच्या कपड्यांना सांगितलंय.” त्यानंतर माझं ‘श्श’. ते फार स्पष्ट आलंय. वाचकाचा आवाज चांगला आहे असं कुणीतरी त्याखाली लिहिलंही आहे.

मी ते पुन्हा पुन्हा ऐकलं. नंतर खाली फौजदारकाकांकडे गेलो आणि त्यांना सांगितलं की माझी बायको विभागप्रमुख झाली आहे. ते म्हणाले की त्यांनी ते त्याच संध्याकाळी ऐकलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी फुलं घेऊन वरही आले होते, पण मी बेल लावलेली नव्हती, आणि ठोठावलं तर वाचन मोडेल म्हणून ते परत गेले.

असो. कपाट रिकामं केलं आहे. कप्पा जागेवर बसवला आहे, थोडा तिरपा. बेल लावली आहे आणि ती वाजते का हे मीच बाहेर जाऊन वाजवून पाहतो. माझं ते काम संपलं, यापुढे कपाटात बसणार नाही, हे हिला माझ्या शब्दांत सांगावं. तुमच्या शब्दांत सांगितलंत तर अधिक परिणाम होईल. ठमीला पापा. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक,
जावई

ता.क. वर ‘कसलाही हेतू नाही’ असं लिहिलं आहे. ते वाक्य लिहिलं तेव्हा खरं होतं. एक छोटीशी गोष्ट मात्र राहिली. मॅडम मागेच म्हणाल्या की पुढच्या महिन्याचं काम हवं असेल तर ‘ती बाई’ पाहिजे, आणि हिचा नंबरही घेतला. माझ्या एकट्याच्या आवाजाला आता मागणी नाही. तेव्हा हिला गोड बोलून तयार करावं. मोठ्यांची पुस्तकं मी, मुलांची ही, आणि रागाचे परिच्छेद सगळे हिचे. कपाट मी अजून पूर्ण बंद केलेलं नाही, फक्त कपडे आत ठेवले आहेत.

ता.क. २. पाकीट चिकटवणार तेवढ्यात कंपनीचं नवीन पुस्तक ऐकलं. मुलांचं आहे, एका चोरट्या कोल्ह्याचं. कोल्हीण कोल्ह्याला असं काही सुनावते की मी खुर्चीत सावरून बसलो. तो आवाज हिचा आहे. तिचं पिल्लू म्हणजे ठमी, आणि ती तोंडाने बोलते आहे, खणखणीत. आणि जंगलातली म्हातारी वाघीण ‘पगार किती?’ असं विचारते, तेव्हा तर मी ते थांबवून पुन्हा ऐकलं, कारण हाच प्रश्न याच आवाजात मला एकदा विचारला गेला आहे. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “अहो, त्या तिघींचा करार तर मागच्याच आठवड्यात झाला. तुम्हाला घरी कुणी बोललं नाही?”

सासूबाई, वाघीण अप्रतिम झाली आहे. आधीचा ता.क. वाचू नये. आता खरंच एकच मागणं आहे: तुमच्या पुढच्या पुस्तकात एखादा पहारेकरी, दुकानदार किंवा वाट विचारणारा वाटसरू असेल, तर माझा विचार व्हावा. दोन वाक्यं असली तरी चालतील. एक असलं तरी चालेल. फक्त ते हिचं वाक्य पूर्ण संपल्यावर, हिच्या शेजारी बसून म्हणायला मिळावं, एवढीच माझी अट आहे.

‘अट’ हा शब्द खोडून तिथे ‘विनंती’ असं वाचावं.